इंजिन खोलण्याआधी

पोरा, भरलेली पिकअप सफाळ्याहून वराई फाट्याकडे जाताना घाटात दम खाते, म्हणून तू लगेच इंजिन खोलायला निघालास. थांब जरा. जुनं इंजिन खरोखर थकलेलं असतं त्याहून जास्त वेळा ते अडवलेलं असतं. हवा कुठेतरी कोंडलेली, डिझेल कुठेतरी अडलेलं, नाहीतर चाकच कुणीतरी धरून ठेवलेलं. हे मोकळं केल्याशिवाय पिस्टनला हात लावायचा नाही. खर्च करण्याआधी रोजचाच माल भरून घाटात जा, कुठल्या वळणावर कितवा गिअर टाकावा लागतो ते लिहून ठेव. नंतर काम झाल्यावर फरक पडला की नाही, ते गॅरेजवाल्याला विचारावं लागणार नाही.

धूर बघ. लोडमध्ये काळा निघाला तर हवा कमी पडतेय किंवा डिझेल जास्त जातंय. निळा म्हणजे इंजिन ऑइल जळतंय. सकाळी थंड इंजिनाने थोडा पांढरा टाकला तर चालतं. गरम झाल्यावरही टाकत असेल तर नोझल, टायमिंग आणि रेडिएटरचं पाणी तपास.

एअर फिल्टर काढून उजेडाकडे धर. आपल्या एडवणला किनाऱ्याची बारीक वाळू उडते, ती कागदाच्या घड्यांत बसते. धुऊ नकोस. हवा मारायची तर आतून बाहेर आणि लांबून; कागद फाटला की वाळू थेट लायनर खरवडते. टर्बो असेल तर त्याच्या रबरी होजवर हात फिरव. बारीक चीर उभ्या गाडीत कळत नाही, चढावर मात्र तिथूनच हवा सुटते आणि मागे काळा धूर.

आता डिझेल. समुद्राकाठी मला सगळ्यात जास्त संशय याचाच. टाकी अर्धी ठेवून गाडी रात्रभर उभी केलीस की दमट हवेतलं पाणी आत सुटतं. पावसाळ्यात संध्याकाळीच टाकी भरून ठेवत जा. फिल्टरच्या तळाचा बोल्ट ढिला करून थोडं डिझेल काचेच्या बाटलीत घे. पाणी असेल तर खाली बसलेलं दिसेल.

टाकीपासून फीड पंपापर्यंतचा लोखंडी पाइपही बघ. खाऱ्या हवेने त्याला सुईएवढं भोक पडतं. तिथून डिझेल गळेलच असं नाही, कारण पंप ओढत असतो, उलट हवाच आत जाते. सकाळी स्टार्टर खूप फिरवावा लागतो, घाटात गाडी झटके देते, आणि लोक नोझलला दोष देतात. फीड पंपाच्या आधी पारदर्शक नळीचा तुकडा लावून इंजिन चालू कर. बुडबुडे वाहताना दिसले तर चोर सापडला. तसंच एकदा टाकीचं झाकण सैल करून चालवून बघ. गाडी ओढायला लागली तर झाकणाचं श्वासाचं भोक बुजलंय.

मासळीच्या क्रेटमधलं बर्फाचं खारं पाणी फाळक्याखालून ब्रेकवर उतरतं. हँडब्रेकची केबल गंजून अडकते, लायनर ड्रमला घासत राहतात, आणि त्याचाही दोष इंजिनावर येतो. फेरी संपल्यावर चारही चाकांजवळ हात ने, टेकवू मात्र नकोस. एकच जास्त तापलेलं असेल तर जॅक लावून ते चाक हाताने फिरव. माल उतरवला की गोड्या पाण्याने खालून चेसिस धूत जा. हे तू करतच नाहीस, मी बघतो.

थर्मोस्टॅट कुणी काढून टाकला असेल तर परत बसव. इंजिन थंडच राहिलं तर डिझेल पितं आणि लवकर झिजतं. टॅपेटचा गॅप कंपनीच्या पुस्तकात दिलाय तेवढाच ठेवायचा, अंदाजाने नाही.

आणि पंपाचा स्क्रू. कुणी म्हणेल, थोडं डिझेल वाढवतो, गाडी उडेल. तुझ्या त्या 2523 सीसीच्या जुन्या डीआयला दोन दिवस जोर आल्यासारखा वाटेल. पण जेवढी हवा तेवढंच डिझेल जळतं. बाकीचं काळा धूर होऊन जातं, पिस्टन तापतो, पीयूसीही अडते. त्यापेक्षा चारही नोझल एकदम काढून टेस्टरवर लाव. धार पडत असेल, फवारा होत नसेल, तर तो नोझल गेला.

एवढं सगळं करूनही घाटात तेच गिअर लागले तर कॉम्प्रेशन मोज. चारही आकडे चांगले आणि जवळपास सारखे आले तर हेड उघडू देऊ नकोस. एकच खाली असेल तर त्या सिलिंडरमध्ये चमचाभर इंजिन ऑइल टाकून पुन्हा मोजायला सांग, जास्त नाही. आकडा चढला तर बहुधा रिंग-लायनर, नाही चढला तर व्हॉल्व्ह किंवा गॅस्केट. मग नेमकं तेवढंच काम सांग, आणि काढलेले जुने पार्ट गॅरेजमधून मागून घे.