एकट्या घराचं काम नाही

मी ठाण्यातल्या एका शाळेत आठवी ते दहावीच्या वर्गांना शिकवते. घरी दोन मुलं आहेत, थोरला कॉलेजात आणि धाकटी नववीत. पालकसभेत मार्कांविषयी सगळे भरभरून बोलतात. दारू, गांजा, वेप हे विषय मात्र सभा संपल्यावर जिन्यात निघतात, तेही आवाज खाली आणून. जिन्यातल्या त्या बोलण्यांतून आणि माझ्या घरातून जे उमगत गेलं, ते सांगते.

१. नशेशी पहिली ओळख बहुतेकदा ओळखीचंच माणूस करून देतं. शाळेच्या फाटकाशी घुटमळणारा कुणी परका विक्रेता, असं चित्र माझ्या डोक्यात होतं. मुलं बोलती झाली तेव्हा कळलं की पहिला घोट हळदीच्या रात्री मावसभावाने दिलेला असतो, पहिला झुरका मित्राच्या दादाच्या वेपचा असतो. काही वेळा तर कुणी काही देण्याचीही गरज नसते. दप्तरातला व्हाइटनर, रंगकामातून उरलेला थिनर, पंक्चरचं सोल्युशन एवढ्यावर भागतं. एम्सने केंद्र सरकारसाठी केलेली देशव्यापी पाहणी २०१९ मध्ये प्रसिद्ध झाली. तीत १० ते १७ वयाच्या मुलांमध्ये हुंगायच्या नशेचं प्रमाण १.१७ टक्के निघालं, प्रौढांमध्ये ०.५८ टक्के. बाकी सगळ्या नशांत मोठी माणसं पुढे, या एकीत मुलं. तेव्हापासून गांजाबद्दल बोलते तितकंच मी थिनरबद्दलही बोलते.

२. दारू कशासाठी प्यायची असते, हे मुलं घरातच शिकतात. ‘आजचा दिवस फार वाईट गेला, आता बसायलाच हवं’ हे वाक्य आमच्या नातेवाइकांत सर्रास ऐकू येतं. गटारीच्या आठवडाभर आधीपासून मोबाईलवर विनोद फिरतात आणि ते मुलांनाही दाखवले जातात. त्यातून मुलाच्या मनात एवढंच बसतं की थकवा आला, दुःख झालं, आनंद झाला, की त्यावर हेच औषध. आमचं घर सोवळं नाही, हे कधीमधी घेतात. पण मुलांना सोडा, बर्फ किंवा चखणा आणायला धाडायचं नाही आणि वाईट दिवसावरचा उपाय म्हणून पेल्याचं नाव काढायचं नाही, हे आम्ही दोघांनी ठरवून पाळलं. ऐकायला लहान वाटतं. पाहुणे आल्यावर पाळायला अवघड जातं.

३. ‘घरातच चव दिली तर बाहेर वाहवत जाणार नाही’ हा विचार मलाही पटण्यासारखा वाटायचा. शिकलेली, समंजस माणसं तो मांडतात. ऑस्ट्रेलियात सुमारे १९०० मुलांचा वयाच्या बाराव्या वर्षापासून सहा वर्षं पाठपुरावा केला गेला आणि २०१८ मध्ये निष्कर्ष आले. आईवडिलांनी स्वतः दारू दिल्याचा काहीही फायदा दिसला नाही. उलट अशा मुलांना पुढे बाहेरूनही दारू मिळण्याची शक्यता वाढलेली होती. आपल्याकडचा कायदाही स्पष्ट आहे. महाराष्ट्रात बिअरसाठी २१ आणि कडक दारूसाठी २५ वर्षं पूर्ण लागतात. २०१५ च्या बाल न्याय कायद्याच्या ७७ व्या कलमानुसार अठराच्या आतल्या मुलाला दारू, तंबाखू किंवा अमली पदार्थ देणाऱ्याला सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. लग्नाच्या मांडवात भाच्याच्या हाती ग्लास देणाऱ्या मामाला हे ठाऊक नसतं. मी आता सांगते, सगळ्यांसमोर सांगते. वातावरण बिघडतं थोडा वेळ, बिघडू दे.

४. मुलाला नाही म्हणायचं असतं, पण चारचौघांत म्हणता येत नाही. हे मला थोरल्याने शिकवलं. दहावीनंतर आम्ही एक खूण ठरवली. कुठेही अडकल्यासारखं वाटलं की त्याने ‘आजीला बरं आहे का?’ एवढंच मला लिहायचं. मग मी फोन करून सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात ‘ताबडतोब घरी ये’ म्हणायचं. नावं मला ठेवली जातील, त्याला नाही. त्या रात्री काही विचारायचं नाही, बोलणं दुसऱ्या दिवशी. अट एकच, दुसऱ्या दिवशी बोलणं व्हायलाच हवं. पुढे एका रात्री तो निरोप आला. मी रिक्षा घेऊन एका इमारतीखाली गेले. तो खाली आला, आणि त्याच्या मागोमाग आणखी दोन मुलं. ‘काकू, आम्हालाही सोडता का?’ ती दोघंही निघायची वाट शोधत बसली होती. त्यांच्या घरी फोन करायचा कसा, हा प्रश्न मला रस्ताभर पडला. आईवडिलांची तोंडओळख होती, नंबर होते, पण असं काही सांगण्याइतकं नातं आमच्यात नव्हतंच.

५. त्या रात्रीनंतर मी इतर पालकांना गाठू लागले. बाकी काही वाचलं नाहीत तरी चालेल, हे वाचा. आइसलँड या छोट्या देशात १९९८ मध्ये १५-१६ वर्षांच्या मुलांपैकी ४२ टक्के मुलांनी आदल्या महिन्यात एकदा तरी दारूने झिंगल्याचं सांगितलं होतं. २०१६ पर्यंत हा आकडा ५ टक्क्यांवर आला. तिथे निव्वळ भाषणांवर भर दिला नाही. खेळ, संगीत, नृत्य यांच्या वर्गांना सरकारने पैसे दिले. १३ ते १६ वर्षांच्या मुलांनी हिवाळ्यात रात्री दहानंतर मोठ्यांशिवाय बाहेर राहायचं नाही, असा नियम केला. आणि शाळाशाळांतून पालकांनी एकमेकांशी लेखी करार केले.

आपला देश वेगळा, आपली मुलं क्लासहून रात्री दहाला सुटतात आणि टपरीपाशी रेंगाळतात. तरी करार आपल्यालाही करता येतो. आमच्या वर्गातल्या काही घरांनी तोंडी ठरवलं की मोठं माणूस घरी नसेल तर रात्रीची पार्टी नाही. मूल ज्या घरी राहायला जातंय तिथे फोन करायचा आणि समोरच्याने त्यात अपमान मानायचा नाही. तुमचं मूल मला कुठे दिसलं तर मी तुम्हाला सांगेन, तुम्ही माझ्यावर चिडणार नाही. यातलं शेवटचं कलम सर्वांत जड. एक वडील सुरुवातीला माझ्याशी फार तोडून बोलले. आठवडा उलटल्यावर त्यांनी स्वतःहून फोन केला आणि आम्ही बराच वेळ बोललो. काय बोललो ते इथे लिहिणार नाही. पण ३१ डिसेंबरला मुलं त्यांच्याच गच्चीवर जमली, पावभाजी त्यांनीच केली.

६. लक्षणांच्या याद्या पाठ करून मूल कळत नाही. झोप बिघडणं, पैसे मागणं, चिडचिड हे वयामुळेही होतं. मला एकच गोष्ट खरी धोक्याची वाटत आली आहे, ती म्हणजे जिवापाड आवडणारं काहीतरी अचानक सुटणं. ढोल पथक, कबड्डी, चित्रं, काहीही. तेव्हा दप्तर उपसण्याआधी ते का सुटलं हे विचारावं.

७. मदत मागायला मूल पूर्ण बुडायची गरज नसते. पुण्यात १९८६ मध्ये डॉ. अनिता आणि डॉ. अनिल अवचट यांनी मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू केलं, त्यामागे गर्दच्या नशेने उद्ध्वस्त होणारी तरुण मुलं होती. व्यसन हा आजार आहे आणि उपचारात कुटुंबालाही सामील करून घ्यावं लागतं, हे तिथल्या कामामुळे मराठी घरांपर्यंत पोहोचलं. तरी ‘बारावी होऊ दे, मग बघू’ हे मी आजही ऐकते. सरकारची १४४४६ ही व्यसनमुक्तीसाठीची हेल्पलाइन आहे. मनावरच्या ताणाबद्दल बोलायला टेलिमानस, १४४१६. मूल यायला तयार नसेल तर पालकाने एकट्याने समुपदेशकाकडे जायलाही हरकत नाही. ओळखीतली एक आई अशीच कित्येक महिने एकटी जात राहिली. मुलगा आत्ता कुठे तिच्याबरोबर जायला लागलाय, बारावीच्या परीक्षेच्या ऐन तोंडावर.