१४२८५७ या संख्येचा पाठ

१४२८५७ ही संख्या फळ्यावर मांडून मुलांकडून तिला क्रमाने २ ते ६ यांनी गुणवून घ्यावे. तेच सहा अंक चक्राकार फिरून येतात. मुले निश्चिंत झाली की ७ ने गुणावयास सांगावे. उत्तर ९९९९९९ येते. शिक्षकाने ते आधीच सांगणे म्हणजे मुलांचा शोध हिरावून घेणे होय. कारण भागाकारात आहे. १ ला ७ ने भागताना बाकी १, ३, २, ६, ४, ५ अशी फिरते व दशांशात हेच अंक येतात; ३ ला भागले तर ते केवळ दुसऱ्या ठिकाणापासून सुरू होतात. ७ ला भागताना मात्र बाकीच उरत नाही.

संख्येच्या अंकांची बेरीज २७, आणि २७ ने तिला निःशेष भाग जातो. अशा संख्यांस देवळालीचे शिक्षक द. रा. कापरेकर (१९०५–१९८६) यांनी ‘हर्षद’ हे नाव दिले. तिचा वर्ग २०४०८१२२४४९. त्यातील २०४०८ व १२२४४९ यांची बेरीज मुलांनीच करून पाहावी.