रिकॉल झालं, दुरुस्ती कधी?

प्रश्न : कारची एअरबॅग बदलून घ्या, असं कंपनीने कळवलं. सर्व्हिस सेंटरवाले मात्र 'पार्ट आला नाही' म्हणून परत पाठवतात. समृद्धी महामार्गावर गाडी काढताना धाकधूक होते. काय करू?
– एक वाचक, कारंजा लाड

उत्तर : आधी 17 अक्षर-अंकी चेसिस नंबर कंपनीच्या वेबसाइटवर तपासा. एअरबॅग फुगवणारा इन्फ्लेटर सदोष असेल तर एअरबॅग उघडताना धातूचे तुकडे उडू शकतात. त्यामुळे 'गाडी चालवू नका' अशी सूचना असेल, तर ती दारातच उभी ठेवा. रिकॉलच्या कामाचे पैसे देऊ नका. जॉबकार्डावर 'पार्ट उपलब्ध नाही' असं तारखेसह लिहून घ्या. तोंडी आश्वासन पुढे कामी येत नाही. कंपनीला ईमेल करा, मग 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. तरीही ढिम्म राहिले, तर वाशीमच्या जिल्हा ग्राहक आयोगात जा. 2019च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार राहत्या जिल्ह्यातच दाद मागता येते. तक्रार करण्याची मुदत 2 वर्षांची.