कॉल लागतो, पण आवाज एकाच बाजूचा

बँकेच्या हेल्पलाइनवर ‘मराठीसाठी एक दाबा’ म्हणणारी यंत्रणा, रांगेत थांबलेला आपला कॉल, तो उचलणाऱ्याच्या स्क्रीनवर उमटलेली आपली माहिती, हा सगळा कॉम्प्युटर टेलिफोनीचा कारभार. त्यात नोकऱ्या आहेत. पालक मात्र आधी विचारतात, ‘सर्टिफिकेट कुठलं?’ हा प्रश्न थोडा पुढे ढकला.

सिस्कोच्या ‘सीसीएनए व्हॉइस’ या प्रमाणपत्राची एके काळी चलती होती. पुढे त्याच्या जागी ‘कोलॅबोरेशन’ आलं आणि फेब्रुवारी २०२० मध्ये जवळपास सगळे सीसीएनए एकाच परीक्षेत विलीन झाले. आता व्हॉइसची स्वतंत्र वाट सीसीएनपी कोलॅबोरेशनपासून सुरू होते. त्यासाठी एक मुख्य आणि एक निवडीची परीक्षा द्यावी लागते, आणि दर तीन वर्षांनी त्याचं नूतनीकरण करावं लागतं. अव्हाया ही फोन यंत्रणांची दुसरी कंपनी तर २०१७ आणि २०२३ अशी दोनदा दिवाळखोरीच्या प्रक्रियेतून गेली. कंपनीच्या नावावर मिळालेल्या प्रमाणपत्राचं नशीब त्या कंपनीशी बांधलेलं असतं. एसआयपी हा कॉल जोडणारा प्रोटोकॉल मात्र २००२च्या मानकावरच आजही उभा आहे.

म्हणून आधी एसआयपी शिका. त्यासाठी लाखाची फी नको. स्वतःच्या छोट्या कंपनीसाठी टेलिफोन एक्स्चेंज विकत घेणं परवडेना, म्हणून मार्क स्पेन्सर या अमेरिकन तरुणाने १९९९ मध्ये एस्टरिस्क हे एक्स्चेंजचं सॉफ्टवेअर लिहिलं. ते आजही फुकट मिळतं. घरातला जुना लॅपटॉप, सॉफ्टफोन ॲप टाकलेले दोन मोबाइल आणि नेटवर्कवरची ये-जा दाखवणारं वायरशार्क एवढ्यावर घरात एक्स्चेंज उभं राहतं.

मग ते मुद्दाम बिघडवा. मुलाखतीत हमखास विचारतात: कॉल लागतो, पण एकालाच ऐकू येतं, का? कारण कॉल जोडण्याचे निरोप एका वाटेने जातात आणि आवाज आरटीपी या आवाज वाहणाऱ्या प्रोटोकॉलच्या दुसऱ्या वाटेने. राउटरमागच्या फोनने निरोपात आपला १९२.१६८ने सुरू होणारा खासगी पत्ता दिला, तर समोरचा त्या पत्त्यावर आवाज पाठवत बसतो आणि तो पोहोचतच नाही. हे वायरशार्कमध्ये दाखवू शकणाऱ्या मुलाचं प्रमाणपत्र पाहण्याची मला तरी गरज वाटत नाही. परीक्षेचा खर्च यानंतर करावा, शक्य तर पहिल्या नोकरीत कंपनीकडून.

या कामात नाइट शिफ्ट असते, हे घरी आधीच सांगून ठेवा.

आणि एका गोष्टीत पालकांची काळजी अगदी रास्त आहे. ‘खोलीत सर्व्हर सांभाळायचा, पगार रोख’ अशी व्हीओआयपीची, म्हणजे इंटरनेटवरच्या कॉलची, नोकरी आली तर सावध राहा. परदेशातून इंटरनेटवर आलेले कॉल सिमबॉक्स या अनेक सिम बसवलेल्या यंत्रातून स्थानिक सिमवर वळवणं म्हणजे बेकायदा एक्स्चेंज चालवणं. २०२३च्या दूरसंचार कायद्यात विनापरवाना सेवेला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन कोटींपर्यंत दंड आहे, दोन्हीही होऊ शकतात. रुजू होण्याआधी विचारा, इथल्या लाइन कोणत्या परवानाधारक कंपनीच्या आहेत, आणि त्यांचं बिल कोणाच्या नावे येतं?