सुरूच्या पाल्याचा कांडी कोळसा

सूनबाई, तिकडे तमिळनाडूत कोवलमला सुरूचा पाला गोळा करून जाळतेस म्हणे. जाळायचाच तर पिंपात जाळ, कोळसा हाती लागेल. पुण्याच्या ‘आरती’ संस्थेत आनंद कर्व्यांनी उसाच्या पाचटाचा कांडी कोळसा केला आणि 2002 साली त्याला लंडनचा अ‍ॅशडेन पुरस्कार मिळाला. पाचट काय नि सुरू काय, रीत तीच.

झाडाखालचा पाला सगळा खरवडू नकोस, वाळू धरायला थोडा राहू दे. भरतीच्या पाण्याने भिजलेला तर नकोच, मिठाने पिंप गंजतं. घेशील तो चाळणीवर आपटून घे. वाळू काही जळत नाही, शेगडीत नुसती राख वाढवते.

पाला ठासून भर, झाकणाला भोक ठेव आणि पिंप पालथं करून भट्टीत घाल. खालून आच लागली की आतला वायू भोकातून निघून तिथेच पेटतो. मग बाहेरचं सरपण फारसं लागत नाही. ज्योत विझली की काम झालं, पण झाकणाला हात लावू नकोस. गरम कोळशाला वारा लागला की राखच उरते. थंड होईपर्यंत थांब. चार-पाच किलो पाल्याला किलोभर कोळसा धरून चाल.

मग त्या कोळशाची भुकटी करून कांड्या वळायच्या. भुकटी बांधायला कांजी हवी. तुमच्याकडे सेलमला साबुदाण्याचे कारखाने, तेव्हा टॅपिओकाच्या पिठाला तोटा नाही. किलोभर भुकटीला साठ-सत्तर ग्रॅम पुरे. शेणही चालतं, पण राख फार होते. मूठ वळून बघ: पाणी गळायला नको आणि गोळा फुटायलाही नको.

आता खरी गोम. आपल्याकडे दसरा झाला की ऊन मोकळं होतं, तिथे नेमका तेव्हाच पाऊस येतो, थेट डिसेंबरपर्यंत. कांजीच्या ओल्या कांड्यांना बुरशी धरते. वर्षाची बेगमी एप्रिल-मेमध्येच उरक आणि वाळत घातलेलं रात्री घरात घे, खारी हवा दिवसाचं वाळवण ओलं करते.

‘आरती’च्याच सराई कुकरमध्ये, म्हणजे कांड्यांच्या शेगडीवर वाफेने शिजवायच्या डब्यात, शंभरेक ग्रॅम कांड्यांवर चौघांचं वरण-भात-भाजी होते. धूर नाही म्हणून शेगडी घरात मात्र आणू नकोस. कोळशाच्या विषारी वायूला वास नसतो, आणि डासांपायी तुमच्या खिडक्या संध्याकाळपासून बंद. शेगडी पडवीतच ठेव.