कर्मसिद्धांत कोणाकडे पाहून वापरावा?



‘ज्याचे त्याचे कर्म’ हे वाक्य आपल्या घरांत, कार्यालयांत, अगदी सत्संगातही सहज बोलले जाते. शेजारच्या घरात मोठे आजारपण आले, कोणाची नोकरी गेली, कोणाचा तरुण मुलगा गेला, की चार माणसे हळहळतात आणि शेवटी कोणीतरी हे वाक्य उच्चारते. मग विषय संपतो. बोलणाऱ्याचे मन थोडे हलके होते, पण ज्याच्यावर प्रसंग आला त्याच्या पदरात काय पडते? कर्मसिद्धांत आपल्याला याचसाठी सांगितला गेला आहे का? आजच्या स्वाध्यायात आपण याच प्रश्नाचा विचार करू. त्यासाठी कोलकात्यात सव्वाशे वर्षांपूर्वी घडलेल्या काही घटनांचा आधार घेऊ.

१. कर्माचे तीन प्रकार

आपल्या शास्त्रांनी कर्माचे तीन प्रकार मानले आहेत. आजवर साठत आलेले कर्म म्हणजे संचित. त्यातले जे फळ द्यायला लागले आहे ते प्रारब्ध. आणि या क्षणी आपण जे करत आहोत ते क्रियमाण. यासाठी धनुर्धाऱ्याचा जुना दृष्टांत दिला जातो. भात्यातले बाण हे संचित, सुटलेला बाण हे प्रारब्ध आणि हातात घेतलेला बाण हे क्रियमाण.

सुटलेला बाण परत येत नाही. भात्यात काय आहे ते आपल्याला दिसत नाही. हातातला बाण मात्र पूर्णपणे आपल्या ताब्यात आहे. म्हणून साधकाने आपले बहुतेक लक्ष तिसऱ्या प्रकाराकडे द्यायचे असते. प्रत्यक्षात आपण उलटे वागतो. स्वतःच्या आळसाला ‘प्रारब्ध’ म्हणतो आणि दुसऱ्याच्या दुःखाला त्याचे ‘संचित’ म्हणतो. या दोन्ही वेळी आपले क्रियमाण तसेच पडून राहते.

२. बागबाजारातील एक संवाद

फेब्रुवारी १८९७ मध्ये स्वामी विवेकानंद परदेशातून कोलकात्याला परतले. त्या वर्षी मध्य भारतात भीषण दुष्काळ पडला होता आणि लोक अन्नावाचून मरत होते. स्वामीजी बागबाजारात एका गृहस्थांच्या घरी असताना गोरक्षणासाठी वर्गणी गोळा करणारे एक प्रचारक त्यांना भेटायला आले. स्वामीजींनी त्यांच्या कामाची आपुलकीने चौकशी केली आणि मग विचारले, की दुष्काळात मरणाऱ्या माणसांसाठी आपली सभा काय करते आहे? प्रचारकांनी सांगितले, की ते आमचे काम नव्हे. आणि हा दुष्काळ तर लोकांच्या पापकर्मांचेच फळ आहे.

हे ऐकून स्वामीजींना अतिशय दुःख झाले आणि संतापही आला. त्यांच्या उत्तराचा आशय असा होता, की मग गाईसुद्धा आपापल्या कर्मानेच कसायाकडे जातात असे म्हणावे लागेल. तिथेही कोणी काही करायचे कारण उरणार नाही. कर्माचे नाव घेऊन प्रयत्न सोडायचा असेल, तर जगातला प्रत्येक प्रयत्न व्यर्थ ठरतो. त्यांचे शिष्य शरच्चंद्र चक्रवर्ती यांनी हा प्रसंग लिहून ठेवला आहे.

या संवादाचा विषय गाय की माणूस असा नाही. गाईबद्दलची करुणा खरीच होती. प्रश्न असा आहे, की तीच करुणा माणसाजवळ येताच ‘कर्म’ हा शब्द आडवा का आला? आपल्याला प्रिय असलेल्या जिवासाठी आपण धावतो, तेव्हा त्याच्या कर्माचा हिशेब मांडत नाही. आपले मूल तापाने फणफणले असताना त्याचे संचित कोण आठवतो? आपण डॉक्टरकडे जातो. कर्माचा हिशेब आपल्याला परक्याच्याच बाबतीत आठवतो. तसा तो आठवू लागला, की आपल्या मनात आपपरभाव आहे हे ओळखावे.

काही साधक प्रामाणिकपणे विचारतात, ‘आम्ही मदत केली तर त्याच्या कर्मभोगात ढवळाढवळ होणार नाही का?’ याचे उत्तर कर्मसिद्धांतातच आहे. त्याच्या वाट्याला दुःख आले हे कर्माने आले असेल, तर त्याच वेळी तुम्ही तिथे असणे, तुमच्या हातात सामर्थ्य असणे, हेही कर्मानेच आले आहे. त्याचे प्रारब्ध तुम्हाला दिसत नाही. तुमचे क्रियमाण मात्र तुमच्यासमोर उभे आहे. मदत नाकारली तर ते तुमचे कर्म झाले आणि त्याचा हिशेब तुमच्याच खात्यावर राहील.

३. जिवात शिव पाहणे

ही दृष्टी स्वामीजींना कुठे मिळाली? कोलकात्याच्या उत्तरेला गंगेकाठी राणी रासमणीने बांधलेले दक्षिणेश्वरचे कालीमंदिर १८५५ मध्ये सुरू झाले. तिथे श्रीरामकृष्ण राहत. १८८४ च्या सुमारास एकदा ते वैष्णव धर्मातील ‘जीवदया’ या तत्त्वाविषयी बोलत होते. बोलता बोलता ते भावावस्थेत गेले. दया करणारे आपण कोण, जीव शिवच आहे असे जाणून त्याची सेवा करायची, असा त्यांच्या बोलण्याचा भाव होता. अनेकांनी ते ऐकले. तरुण नरेंद्राने त्यात एक संपूर्ण जीवनमार्ग पाहिला. पुढे १ मे १८९७ रोजी बागबाजारात बलराम बसू यांच्या घरी रामकृष्ण मिशनची स्थापना झाली, तिचे बीज या क्षणात होते.

दया आणि सेवा यांत फरक काय? दया करणारा स्वतःला उंच ठेवतो आणि घेणाऱ्याकडून कृतज्ञतेची अपेक्षा धरतो. ती मिळाली नाही तर दुखावतो. सेवा करणारा पूजकाच्या जागी असतो. देवाला नैवेद्य दाखवून कोणी आभाराची वाट पाहत नाही. आपल्या मदतीनंतर मन खट्टू होते का, हे तपासले की आपण दया करत होतो की सेवा, हे लगेच कळते.

४. प्लेगचे दिवस

सिद्धांताची खरी कसोटी संकटात लागते. १८९६ मध्ये मुंबईत आणि पुढे पुण्यात पसरलेला प्लेग १८९८ मध्ये कोलकात्यातही आला. पुण्यात तोवर सावित्रीबाई फुले यांनी प्लेगच्या रुग्णांची सेवा करता करता १० मार्च १८९७ रोजी देह ठेवला होता. कोलकात्यात रोगापेक्षा भीती आणि अफवा यांनी लोक हैराण झाले. शहर सोडून जाणाऱ्यांची रीघ लागली.

स्वामीजी त्या वेळी प्रकृतीसाठी दार्जिलिंगला होते. बातमी कळताच मेच्या सुरुवातीला ते परत आले. त्यांनी बंगाली आणि हिंदीत एक पत्रक तयार करवले. घर, कपडे, अंथरूण, गटार स्वच्छ ठेवा, शिळे अन्न खाऊ नका, अफवांवर विश्वास ठेवू नका, भिऊ नका, असा त्यातला उपदेश होता. पैसा कुठून आणणार असे एका गुरुबंधूने विचारले, तेव्हा मठासाठी नुकतीच घेतलेली बेलूरची जमीन गरज पडली तर विकू, असे ते म्हणाले. तशी वेळ आली नाही. पण ज्या मठाचे स्वप्न त्यांनी अनेक वर्षे पाहिले होते, तोही त्यांच्या लेखी सेवेपेक्षा मोठा नव्हता.

१८९९ च्या वसंतात प्लेग पुन्हा उफाळला. मिशनच्या मदतकार्याची जबाबदारी भगिनी निवेदिता आणि स्वामी सदानंद यांच्यावर आली. मूळच्या आयरिश असलेल्या निवेदिता जानेवारी १८९८ मध्ये भारतात आल्या होत्या आणि बागबाजारात राहत होत्या. गल्ल्यांतला कचरा उचलायला माणसे कमी पडली, तेव्हा त्या स्वतः झाडू घेऊन रस्त्यावर उतरल्या. ते पाहून वस्तीतले तरुण लाजले आणि कामाला लागले.

त्या काळात तिथे रुग्ण तपासणारे डॉ. राधागोविंद कर यांनी एक आठवण लिहून ठेवली आहे. एका झोपडीत प्लेग झालेले, आई गमावलेले मूल होते. डॉक्टरांनी निवेदितांना धोक्याची कल्पना दिली होती. तरीही नंतर ते तिथे गेले, तेव्हा त्या ओल्या, कोंदट झोपडीत मुलाला मांडीवर घेऊन बसलेल्या त्यांना दिसल्या. घर निर्जंतुक करायचे म्हणून लहान शिडीवर चढून त्यांनी भिंतींना स्वतः चुना लावला. दोन दिवसांनी ते मूल त्यांच्याच मांडीवर गेले.

इथे थोडे थांबा. मूल वाचले नाही. मग ते कर्म वाया गेले का? फळाची आसक्ती सोडून कर्म करावे, असे भगवद्गीता सांगते. त्याचा अर्थ आपण अनेकदा ‘फळाची पर्वा न करता कसेतरी काम उरकणे’ असा करून घेतो. निवेदितांनी काम उरकले नाही. भिंतीचा कोपराही सोडला नाही. प्रयत्न पूर्ण होता, फक्त फळावर हक्क सांगितला नव्हता. मूल जगेल अशी खात्री असती तरच बसले असते, असा सौदा त्यात नव्हता. आईविना मरणाऱ्या लेकराला शेवटच्या क्षणी एक मांडी मिळाली. एवढे करणे त्यांच्या हातात होते आणि ते त्यांनी पूर्ण केले.

५. कर्म, विकर्म, अकर्म

‘पण आम्ही संसारी माणसे. आमच्या वाट्याला भांडी, डबे, फाइली आणि लोकलची गर्दी. यात कसले अध्यात्म?’ असे पुष्कळ जण म्हणतात. याचे सुंदर उत्तर आपल्या मराठीतच आहे. १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी दर रविवारी गीतेवर प्रवचने दिली आणि साने गुरुजींनी ती टिपून घेतली. तीच ‘गीता प्रवचने’. गीतेच्या चौथ्या अध्यायातील कर्म, विकर्म आणि अकर्म यांचा विनोबा वेगळा अर्थ लावतात. बाहेरून होणारी क्रिया हे कर्म. त्या क्रियेत मन ओतणे हे विकर्म. ही दोन्ही एकत्र आली की कर्माचा भार वाटत नाही, करूनही न केल्यासारखे होते. तेच अकर्म.

याचे उदाहरण पुन्हा दक्षिणेश्वरी सापडते. मंदिराच्या आवारातील नहबतखान्याच्या तळमजल्यावरील अगदी छोट्या खोलीत श्री शारदादेवी कित्येक वर्षे राहिल्या. पहाटे तीनच्या सुमारास उठून गंगास्नान, जप, मग श्रीरामकृष्णांचा आणि येणाऱ्या भक्तांचा स्वयंपाक. तिथेच शिधा, तिथेच भांडी, तिथेच झोप. त्यांच्या साधनेला वेगळी जागा नव्हती आणि वेगळा वेळही थोडाच होता. पोळी लाटणारा हात तोच असतो. तो कपाळाला आठ्या घालून लाटतो की प्रेमाने, यावर ते नुसते कर्म राहील की साधना होईल, हे ठरते.

६. आपल्या दिनचर्येसाठी तीन सूत्रे

पहिले सूत्र: स्वतःच्या भूतकाळाकडे पाहताना स्वीकार. जे झाले ते झाले. दोष कोणाला द्यायचा यात शक्ती घालवू नका. आजार आला तर तो प्रारब्ध म्हणून शांतपणे स्वीकारा आणि औषध मात्र वेळेवर घ्या. औषध घेणे हे क्रियमाण आहे.

दुसरे सूत्र: स्वतःच्या वर्तमानाकडे पाहताना पुरुषार्थ. ‘माझा स्वभावच असा’ हे वाक्य सोडा. स्वभाव म्हणजे पुन्हा पुन्हा केलेल्या कर्माची पडलेली वाट. रोज थोडे वेगळे चालले, तर नवी वाट पडते.

तिसरे सूत्र: दुसऱ्याच्या दुःखाकडे पाहताना सेवा. इथे कर्माचा हिशेब मांडायचाच नाही. घरकामाला येणाऱ्या ताईंचा नवरा आजारी असेल, तर तो व्यसनी होता की नव्हता ही चर्चा आधी नको. त्यांना आज दवाखान्यात सोबत हवी आहे का, हे आधी विचारा. काही करणे शक्य नसेल तर गप्प बसून ऐका. तेही पुष्कळ असते.

या आठवड्याचा अभ्यास

रोज रात्री झोपण्यापूर्वी पाच मिनिटे शांत बसा आणि पुढील प्रश्नांची उत्तरे वहीत लिहा.

१. आज मी कोणाच्या दुःखाचे कारण शोधत बसलो आणि मदत करायची राहून गेली का?
२. आज स्वतःच्या कोणत्या टाळाटाळीला मी ‘नशीब’ म्हटले?
३. आजच्या कामांपैकी कोणत्या एका कामात मन पूर्ण ओतले होते?
४. मदत केल्यावर आभाराची अपेक्षा मनात आली का?

यांतल्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर लिहायला सर्वात अवघड जाते. म्हणून ते टाळू नका. पुढच्या स्वाध्याय बैठकीला वही सोबत आणा. सगळे वाचून दाखवायचे नाही. सात दिवसांतली एकच नोंद, जिच्यामुळे तुमच्या वागण्यात काही बदलले, तेवढी सांगा.