खाडीच्या चिंबोऱ्यांची पारख

कोंकणच्या खाड्यांत, तिवरांच्या चिखलांत सांपडणाऱ्या मोठ्या चिंबोऱ्या एकाच जातीच्या, असा पुष्कळांचा समज असतो. शास्त्रज्ञांतही दीर्घकाल मतभेद होता, इ. स. १९९८ मध्यें या गणाच्या चार जाती निश्चित झाल्या. पैकीं आपल्याकडे दोन: सायला सेराटा व सायला ऑलिव्हेसिया.

केवळ रंगावर विसंबूं नये. तो स्थलपरत्वें बदलतो. सेराटाच्या डोळ्यांमधील कडेवरचे दांत उंच असतात, डेंग्याच्या मनगटावर बाहेरच्या अंगास दोन तीक्ष्ण कांटे असतात, आणि सर्व पायांवर जाळीदार नक्षी दिसते. ऑलिव्हेसियाचे दांत बुटके व गोलसर, मनगटावर बहुधा एखादा बोथट उंचवटा, आणि पायांवर नक्षी नाहीं.

सेराटा अधिक मोठी वाढते; म्हणून चिंबोऱ्या पाळणाऱ्याचा नफा-तोटा या पारखीवर अवलंबून असतो. विद्यार्थ्यांनो, बाजारांतून चिंबोरी घरीं आली म्हणजे, डेंगे बांधलेले आहेत तोंवरच, तिचें मनगट नीट पाहून घ्या!